कोमट पाणी

दिवसभर शिलाई मशीन चालवून बाबा दुकानातून आले, की लेक त्यांच्या खुर्चीपुढे कोमट पाण्याचं घमेलं ठेवायची. पाय बुडवले की डोळे मिटून बाबा म्हणायचे, "वा! पायांत जीव आला बघ." तेवढ्यावर तिचाही दिवसभराचा शीण उतरायचा.

डायबेटिस जुनाच होता. विडी सोडा, पाय तपासून घ्या, असं डॉक्टर कानीकपाळी ओरडत होते. बाबा हसण्यावारी न्यायचे. "दुखतील तेव्हा दाखवू की! माझे पाय कसे ठणठणीत आहेत." मध्ये एकदा तर ते एकाच पायात चप्पल घालून घरी आले. दुसरी वाटेत कुठे निसटली, त्यांना पत्ताच नव्हता. "लक्ष कुठे असतं हो तुमचं, बाबा?" म्हणत लेक पोट धरधरून हसली होती. बाबासुद्धा हसले होते.

आज तिनं घमेल्यात उकळतं पाणी ओतलं आणि विसणाला गार पाणी आणायला ती आत वळली, तेवढ्यात फोन वाजला. बोलण्यात जरा वेळ गेला. तांब्या घेऊन ती धावतच बाहेर आली, तर बाबा खुर्चीत बसलेले, दोन्ही पाय घोट्यांपर्यंत पाण्यात, आणि पाण्यावर अजून वाफा.

तिची चाहूल लागताच त्यांनी घाईघाईनं डोळे मिटले आणि रोजच्यासारखंच म्हणाले, "वा! पायांत जीव आला बघ."