दोन्ही बरोबर

सोमवारच्या पानावर ‘कलर’ यू घालून लिहिला होता, तो लाल रेघेनं खोडलेला. गुरुवारच्या पानावर तोच शब्द यू वगळून, तोही खोडलेला. आईनं वही बाईंच्या टेबलावर उघडली आणि दोन पानांवर दोन बोटं रोवली.

“बाई, आता तुम्हीच सांगा. पोरीनं लिहायचं तरी काय?”

शाळा सुटून दहा मिनिटं झाली होती. ठकू मागच्या बाकावर बसून बुटाची नाडी सोडत होती, पुन्हा बांधत होती. सात वर्षांची मुलगी. महिन्यापूर्वीपर्यंत लिहायला भिंतीसुद्धा सोडत नव्हती. आता वही समोर आली की हात मांडीखाली दाबून बसायची. परवा डिक्टेशनचा कागद तिनं कोरा दिला. विचारलं की एकच उत्तर, “मला नाही येत.” नवरा म्हणाला, तू राईचा पर्वत करतेस. त्याला काय, तो घरी येईपर्यंत राई झोपलेली असायची.

“मी हवेत बोलत नाही बाई,” आई म्हणाली. “शब्दकोशात दोन्ही आहेत. दोन्ही बरोबर. एक धरायचं आणि शेवटपर्यंत धरून ठेवायचं, एवढंच. माझं पोटच त्यावर आहे. घरी बसून इंग्रजी पुस्तकांची प्रुफं तपासते मी. दुपारी एका प्रकाशनाची, त्यांना यू लागतो. संध्याकाळी दुसऱ्याची, त्यांना यू खपत नाही. दोन वर्षांत माझी एक चूक कुणी काढलेली नाही. आणि माझ्याच मुलीला तुम्ही दोन्हीकडून मारता?”

शेवटचं वाक्य जरा जास्तच झालं, हे तिलाही कळलं. बाईंनी मात्र मनावर घेतलं नाही. बोटांचा खडू झटकून त्यांनी वही जवळ ओढली. एक पान, दुसरं पान. मग पुन्हा पहिलं.

“ताई, हे माझं नाही.”

“म्हणजे?”

“मी लाल पेन वापरतच नाही. चुकलं तर खाली पेन्सिलीनं बरोबर शब्द लिहून देते. खोडत नाही. आणि कलर मी दोन्ही धरते.”

आईला काही सुधरेना. मग कुणी? बदलीवर आलेल्या दुसऱ्या बाई? शेजारच्या बाकावरची ती आगाऊ मुलगी? दप्तर घरी आलं की आई आधी हीच वही काढून बघायची, आणि रेघा त्याआधीच मारलेल्या असायच्या. म्हणजे जे काही होत होतं ते इथेच, या खोलीत.

“खरं तर मीच तुम्हाला बोलावणार होते,” बाई म्हणाल्या. त्यांनी कपाटातून एक जाड वही काढली. “ही घरी पाठवत नाही आम्ही. पालकसभेला दाखवायची असते. मुलांना माहीत असतं, ही आईबाबा बघणार म्हणून छान लिहितात. हिच्या वहीत हे काय आहे, ते काही मला कळत नाही. मला वाटलं पतंग काढते. एकेका ओळीला एकेक.”

घरी येणाऱ्या वहीला समास नव्हता. हिला होता. आणि त्या समासात, वरपासून खालपर्यंत, लाल शाईत, एक गोल आणि त्याला मागे शेपूट. रेखीव. हात बसलेला.

हे चिन्ह आई प्रुफांवर दिवसातून शंभर वेळा काढायची. त्याचा अर्थ, हा शब्द काढून टाका. लाल पेनं ती डझनानं आणायची. एखादं गेलं तरी कळायचं नाही.

खोडलेले शब्द तिनं वाचले. यू असलेला कलर. यू नसलेला कलर. कॅट. सन. ज्यांना जगात दुसरं स्पेलिंगच नाही, तेसुद्धा.

ती मागच्या बाकापाशी जाऊन उकिडवी बसली.

“ठकू, हे तू केलंस?”

नाडीकडे बघतच मान हलली.

“का गं? बरोबर होतं की ते.”

“तू दुपारी यू नसलेला खोडतेस,” ठकू म्हणाली. “संध्याकाळी यू असलेला खोडतेस.”

“अगं, ती दोन वेगळी पुस्तकं असतात. त्यातलं एक…”

ठकूनं गाठ ओढून घट्ट केली आणि आईला समजावणीच्या सुरात सांगितलं, “मी काहीही लिहिलं तरी ते शेवटी तुझ्याकडेच येणार ना? म्हणून मी आधीच खोडून ठेवते.”