शेजारच्या खुर्च्या

सणाआधी मदत मंडळाचे साहेब गल्लीतली घरं बघायला येणार होते आणि ज्या घरात सगळ्यात जास्त तंगी, त्या एकाच घराला महिन्याचा किराणा देणार होते. नवरा पाय मोडून पडल्यापासून तिच्याकडे एक वेळच चूल पेटत होती. पण पोट रिकामं असलं तरी लाज शाबूत होती. मोठी माणसं दारात आल्यावर त्यांना काय जमिनीवर बसवायचं? तिने शेजारच्या वहिनींकडून खुर्च्या, टेबल, चादर आणि कपबशा मागून आणल्या.

"ने गं सगळं. आमच्या ह्यांनाही ने, तेवढाच मला सणाचा आराम," असं हसत म्हणून वहिनी कामावर गेल्या.

साहेब खुर्चीत ऐसपैस बसले, चहा प्यायले, घरभर नजर फिरवली आणि "छान ठेवलंय हो घर, ताई" असं म्हणून काहीच न देता उठले.

ती कपबशा विसळायला बसली, तोच भिंतीपलीकडून साहेबांचा आवाज आला, "अरेरे, तुमच्याकडे बसायला साधी खुर्चीसुद्धा नाही?"



आणि वहिनींचे हे पडेल आवाजात म्हणाले, "काय सांगू साहेब, होतं नव्हतं ते सगळं गेलं."