चालतंय

"ताई, ब्रेक उशिरा लागतोय. कंपनीला कळवू?" पिकअप रोज विचारायची. डाळिंबांचे क्रेट चढवता चढवता शालन म्हणायची, "चालतंय गं!" गाडी दुरुस्तीला परत बोलावली तर हंगाम बुडेल, एवढंच तिच्या डोक्यात.

पिकअपने मात्र ते खरं मानलं आणि त्याच मॉडेलच्या सगळ्या गाड्यांना कळवलं, ब्रेक चालतोय. मग त्यांनीही आपापल्या तक्रारी मागे घेतल्या. धाकट्या दिराच्या गाडीनेसुद्धा. घाटात तिचा ब्रेक लागलाच नाही.

हे सगळं पिकअपनेच दवाखान्याच्या वाटेवर शालनला भाबडेपणाने सांगितलं. दिराला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दवाखान्यात शालनने त्याच्या पायाच्या प्लास्टरवरून हळूच हात फिरवला.

"सुखदेव भावजी, पाय कसा आहे?"

तिला बरं वाटावं म्हणून तो हसला. "चालतंय, वहिनी."