ट्रकची वामकुक्षी

जेवणं झाली आणि ट्रक हळूच डावीकडे कलला. उघड्या हौद्यात कुणीच नव्हतं.

"झोपले तुमचे बाबा," दस्तगीर मिस्त्री म्हणाले. "रोज याच वेळेला. गाडीला कुणी सांगितलंच नाही की हो."

या ट्रकच्या स्प्रिंगा माणसांचं वजन शिकत आणि माणूस गेल्यावरही त्याची जागा राखून ठेवत. सुमेधाचे बाबा याच ट्रकने गावोगाव फिरून मुलांना दुर्बिणीतून शनीची कडी दाखवत. ते दिवाळीआधी गेले. त्यांच्या मनात राहून गेलेली राहायची खोली ती आता मिस्त्रींकडून हौद्यावर बांधून घेत होती. खाली अवजारांचे कप्पे, मागे ओढायला दुर्बिणीचा गाडा.

"गाडा जोडला तर हूक बसंना," मिस्त्री म्हणाले. "वजन जास्त होतंय म्हणते गाडी. दुर्बीण तरी इथं ठेवा, नाहीतर बाबांचं वजन पुसू. एक बटण दाबायचं, ताई."

"दुर्बीण न्यायचीच आहे."

"मग पुसू?"

कुणी कूस बदलावी तसा हौदा जरासा हलला. सुमेधाने त्याच्या कडेवर हात ठेवला. पत्रा उन्हाने उबदार झाला होता.

"झोपलेत ना ते, चाचा. उठू दे त्यांना."

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. मग शेजारच्या शेडमध्ये जाऊन त्यांनी ग्राइंडर बंद करायला सांगितला. दोघं ट्रकच्या सावलीत बसून राहिली.

चहाच्या सुमारास हौदा सावकाश सरळ झाला.

"उठले," मिस्त्री हळूच म्हणाले.

"बटण दाखवा," सुमेधा म्हणाली, "मीच दाबते."