सात वाजताची रेघ

डॉक्टर हिर्लेकरांनी बायकोच्या दंडावरचा पट्टा सोडवला आणि यंत्र लॅपटॉपला जोडलं. डॉक्टर दिसताच ज्यांचं ब्लडप्रेशर चढतं, अशा माणसांवर संशोधन करण्यात त्यांनी उभी हयात घालवली होती. दर अर्ध्या तासाला प्रेशर मोजणारं हे नवं यंत्र पेशंटना देण्याआधी घरीच तपासावं, म्हणून दोन दिवस ते तिला बांधलं होतं.

दिवसभर प्रेशरची रेघ संथ होती. दोन्ही दिवशी संध्याकाळी सातला मात्र ती झपकन चढली होती आणि सकाळी नऊपर्यंत उतरलीच नव्हती.

"काय बिघडवलंस?" ते खेकसले.

"अहो, मी कशाला हातसुद्धा लावला नाही."

त्यांनी तिची नोंदवही ओढली. दर वेळी आपण काय करत होतो, ते त्यांनी सांगितल्याप्रमाणे तिनं लिहिलं होतं. साडेसहा : मोगऱ्याला पाणी घातलं. सात : हे आले. सकाळी नऊ : हे गेले.

दुसऱ्या दिवशी सातला ते दाराशी पोचले. आत ती गात होती. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. ती गाते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

बेलवरचं बोट मागे घेऊन ते जिन्याच्या पायरीवर बसून राहिले.