सिंगापूरमार्गे बेळ्ळंदूर

"परदेशी डेटाची होळी केल्याशिवाय हा देश खऱ्या अर्थाने स्वतंत्र होणार नाही," असं जयनगरच्या निवृत्त नंदकिशोररावांनी जाहीर केलं, आणि पहिला बळी त्यांच्या पत्नी प्रतिमाताईंच्या पुरणपोळीच्या व्हिडिओचा गेला. त्याचा सर्व्हर आयर्लंडात निघाला. जितकं लांबून येईल तितका डेटा जास्त जळतो, या त्यांच्या हिशेबाने तेव्हापासून डेटा वाचवण्यासाठी फक्त भारतात सर्व्हर असलेल्या वेबसाइट्स हुडकून उघडायच्या, असा घरचा कायदा झाला.

रविवारी मुलाचा व्हिडिओ कॉल आला. हे कॉल कुठल्या देशातून फिरून येतात हे नंदकिशोररावांनी आधीच शोधून ठेवलं होतं.

"अर्णव, एकाच शहरात तू बेळ्ळंदूरला, मी जयनगरला, आणि तुझं तोंड येतंय सिंगापूरहून! असलं इम्पोर्टेड तोंड मला नको. लहानपणी गॅलरीतून एक हाक मारली की खेळ टाकून वर यायचास. तेव्हा कुठे लागत होता डेटा?"

"बाबा, तुमचा डेटा अनलिमिटेड आहे. मीच घेऊन दिलाय ना तो प्लॅन."

"ठाऊक आहे मला," नंदकिशोरराव गॅलरीकडे बघत म्हणाले.

अर्णवने गाडीची किल्ली उचलली. मग म्हणाला, "निघतो. ट्रॅफिक आहे, स्वल्प उशीर होईल."

नंदकिशोरराव उठून गॅलरीत गेले आणि फोन तोंडाशी धरून तिथून ओरडले, "येताना कोथिंबीर आण रे!"