शिळ्या भाताचा पेपर

"तुझं नाव शेवटी टाकते, आभारात," दीपिका लॅपटॉपवरची नजर न हलवता म्हणाली. "कौसल्या गमरे, वरळी. भात शिजवल्याबद्दल."

कौसल्याबाई खाली बसून लसूण सोलत होत्या. "माझं नाव? इंग्रजीत?"

"इंग्रजीत. जगभर वाचतील."

बाईंना मनातून गुदगुल्या झाल्या, पण लेकीला दाखवतील तर शपथ. "भात शिजवायला कसलं नाव लागतंय," म्हणाल्या आणि भराभर पाकळ्या सोलू लागल्या.

शनिवारची दुपार होती आणि संध्याकाळपर्यंत पेपर जर्नलकडे जायचा होता. आकृत्या झाल्या होत्या, संदर्भ लागले होते, मीनाक्षी मॅडमचा, म्हणजे दीपिकाच्या परळच्या गाईडचा, शेवटचा स्वल्पविरामही हलवून झाला होता. विषय तसा घरगुती. भात शिजवून रात्रभर थंड केला की त्यातला थोडा स्टार्च पोटाला दाद देत नाही, म्हणजे पचतच नाही. तोच भात सकाळी गरम करून खाल्ला तर रक्तातली साखर ताज्या भाताइतकी चढत नाही. परळच्या इन्स्टिट्यूटमधल्या लोकांत हे दिसलं. वरळीच्या बुद्धविहारात बोलावलेल्या बायकांत मात्र दिसलं नाही. शिळा काय नि ताजा काय, त्यांची साखर दोन्ही दिवशी सारखीच चढली. हेच तर पेपरचं सोनं होतं! या बायकांच्या शरीरात काहीतरी वेगळं आहे, आणि ते काय असावं यावर दीपिकाने तीन पानं लिहिली होती. आतड्यातले जिवाणू, आनुवंशिकता, लहानपणची उपासमार. असं काही हाती लागायला नशीब लागतं, असं मॅडम येताजाता म्हणत होत्या.

"ऐक, तुझा भाग वाचून दाखवते. आदल्या संध्याकाळी शिजवलेला भात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला आणि सकाळी गरम करून सगळ्या महिलांना वाढला. बरोबर?"

लसूण सोलणारा हात थांबला.

"असं छापणार? कौसल्यानं शिळं वाढलं म्हणून?"

"आई, प्रयोगच तो होता."

"नाव काढ माझं."

"अगं, पण..."

"काढ म्हणते ना. आणि वाढला पण नाय मी."

दीपिकाने मान वर केली.

"पहाटे उठून ताजा केला," कौसल्याबाई सालपटं गोळा करत म्हणाल्या. "तुझा तो फ्रिजमधला फोडणी घालून मी नि तुझ्या बाबांनी संपवला. बायांना कानात सांगितलं, ताजा हाय, बिनधास्त खा. जल्मभर लोकांच्या घरचं शिळं खाल्लेल्या बाया त्या, दीपू. विहारात बोलवून परत शिळंच घालू?"

"मला सांगायचंस ना!"

"तू इचारलंस कधी? तू सुया टोचत बसलीस."

तेही खरंच होतं. दीपिकाला भयंकर राग आला, आईचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. सगळ्या बायकांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त संशोधन करणारीला. आणि त्यातली एकही बाई ते जर्नल कधी वाचणार नव्हती; पेपर तसाच पाठवला तरी कुणाला कळणार नव्हतं. हा विचार मनात आला तसा तिने पुढे ढकलला नाही, थोडा वेळ तिथेच बसू दिला.

तेवढ्यात मॅडमचा फोन आला. "गेला का गं पेपर?"

दीपिकाने एका दमात सगळं सांगून टाकलं. मध्ये थांबली असती तर जमलं नसतं.

मॅडम मऊपणे म्हणाल्या, "तुझ्या आईला नक्की आठवतंय का? वयामुळे गोंधळ होतो कधीकधी."

'होत असेल' एवढं म्हटलं असतं तरी काम भागलं असतं. दीपिकाने आईकडे पाहिलं.

"मॅडम, कुणाला काय वाढलं ते आई विसरत नाही."

"मग पेपरमध्ये उरलं काय? परळचं जे निघालं ते जगाला आधीच माहीत आहे."

"वरळीचा भाग पुन्हा करीन."

"एथिक्स कमिटीची परवानगी पुन्हा घ्यावी लागेल. जर्नलचा हा विशेषांक तर हातचा गेला. मार्चमध्ये तुझी फेलोशिप संपते, लक्षात आहे ना?"

"आहे. तरी करीन."

मॅडमनी सुस्कारा सोडला. "सोमवारी ये. अर्जाला बसू."

फोन ठेवून दीपिकाने ती तीन पानं निवडली. बोट क्षणभर अडलं आणि मग डिलीटवर दाबलं गेलं.

"काय पुसलंस?" कौसल्याबाईंनी विचारलं.

"तुम्हा बायकांच्या अंगात काय वेगळं आहे, ते लिहिलं होतं."

"मंग? काय वेगळं हाय?"

"काही नाही. तुम्ही ताजा भात खाल्ला होतात." डोळे पुसत ती म्हणाली, "सगळ्यांना परत बोलवायचंय, आई. या वेळी खरोखर शिळा. तू नको वाढूस, मी वाढते."

"तू वाढलंस काय नि मी वाढलं काय. घर एकच."

कौसल्याबाई उठल्या. हात धुतले, पुसले आणि त्याच बायांतल्या, बाराव्या मजल्यावरच्या कमलला फोन लावला.

"कमल, दीपूसाठी परत एकदा सुई टोचून घ्यायला लागंल. तारीख कळवते. नाय गं, मागचा घोळ माझ्यामुळं झाला. या टायमाला शिळा देणार. सांगून देणार."

पलीकडे कमल काहीतरी बोलली आणि हसली.

"हसतेस काय?" कौसल्याबाई म्हणाल्या. "पहिलं ताट माझं. मी जेवले की मग तुम्ही बसायचं."